लेक पॉवेलवर हाउसबोट नेणाऱ्या मित्रमंडळांसाठी सूचना

सदर सूचना फिनिक्स, चँडलर व परिसरातील मराठी मित्रमंडळांसाठी आहेत. लास व्हेगास आणि सॉल्ट लेक सिटीकडच्यांनीही त्या वापरायला हरकत नाही. ज्यांचा जलाशयाकाठच्या मुक्कामाचा अनुभव पानशेतच्या बॅकवॉटरपुरता, म्हणजे ‘तंबू त्यांचा, पिठलं-भाकरी त्यांची, फोटो आपले’ एवढाच आहे, त्यांनी सूचना दोनदा वाचाव्यात.

आधी तळे समजून घ्यावे. बोटीवर कुणीतरी विचारतोच, आणि मग तिघे जण चार उत्तरे देतात. लेक पॉवेल हे निसर्गाने केलेले तळे नाही. कोलोरॅडो नदीवर ऍरिझोनातल्या पेज गावापाशी ग्लेन कॅन्यन धरण आहे. उंची 216 मीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त. 1963 मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि तळे पहिल्यांदा काठोकाठ भरले 1980 मध्ये. भरलेले असताना ते सुमारे 300 किलोमीटर लांब असते आणि त्याचा किनारा 3,000 किलोमीटरच्या वर जातो, कारण पाणी मुख्य दरीतून निघून आजूबाजूच्या नव्वदहून अधिक घळींमध्ये शिरते. याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की हरवायला मुबलक जागा आहे. लाल वालुकाश्माची प्रत्येक घळ शेजारच्या घळीची जुळी बहीण वाटते. मुख्य मार्गावर धरणापासूनचे मैल लिहिलेले बोये तरंगत असतात. ते मोजत जावे. “मला हा खडक ओळखीचा वाटतोय” असे म्हणणाऱ्यास सुकाणूपासून दूर बसवावे.

कड्यांवर खालच्या अंगाला जो पांढरा पट्टा दिसतो तो रंगवलेला नाही. पाण्यातले क्षार खडकावर बसून राहिले आणि पाणी खाली गेले. या शतकाच्या सुरुवातीपासून हा सगळा प्रदेश पाण्याच्या ओढाताणीत आहे; 2023 च्या वसंतात तळे पूर्ण पातळीपासून सुमारे 180 फूट खाली होते, पहिल्यांदा काठोकाठ भरल्यापासून इतके कधीच उतरले नव्हते. तेव्हा कुणाच्या मेव्हण्याने दहा वर्षांपूर्वी पाठवलेला नकाशा आणू नये. त्यात जिथे निळे दाखवले आहे तिथे आज वाळू असू शकते. वाहवीपच्या धक्क्याहून वर जायचा कॅसल रॉकजवळचा जवळचा मार्गही पाणी उतरले की कोरडा पडतो, आणि मग लांबचा वळसा घ्यावा लागतो. वळशाचे पेट्रोल कुणी द्यायचे, यावर जुन्या मैत्रीत अंतर पडल्याची उदाहरणे आहेत.

आता सभासद निवडीकडे वळू. तळ्याला ज्याचे नाव आहे तो जॉन वेस्ली पॉवेल 1869 मध्ये लाकडी होड्या घेऊन या नदीतून गेला. यादवी युद्धात त्याचा उजवा हात गेला होता. निघताना होड्या चार, माणसे दहा. ग्रँड कॅन्यन पार करून बाहेर पडल्या होड्या दोन आणि माणसे सहा. एक जण सुरुवातीलाच “पुरे झाले” म्हणून निघून गेला. तिघांनी शेवटी नदीला कंटाळून दरी चढून जायचे ठरवले आणि ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. सुटका तेव्हा दोनच दिवसांवर होती. तोवर सगळ्यांच्या वाट्याला उरले होते बुरसट पीठ, सुकवलेली सफरचंदे आणि कॉफी. यावरून धडा असा की खाण्याचे हाल झाले तरी कॉफी (आपल्याकडे चहा) संपू देऊ नये, आणि गळती गृहीत धरावी. पॉवेलची गळती चाळीस टक्के होती. मराठी ग्रुपची साधारण तेवढीच असते, फरक एवढाच की ती व्हॉट्सऍपवर, आगाऊ रक्कम मागितल्याच्या दिवशी होते.

बारा जणांत एक यूट्यूब पाहून आलेला, एक “आमच्या कोकणात” म्हणणारा आणि एक मुळातच यायचे नसलेला असणार, हे धरून चालावे. तिसरा सर्वांत कामाचा असतो. त्याला हिशेब द्यावा.

यानंतर सर्वांत महत्त्वाचे कलम: कप्तान एकच असावा. हाउसबोट साठ-सत्तर फूट लांब असते, तिला ब्रेक नसतो आणि वारा आला की तिची आख्खी बाजू शिडासारखी वाऱ्याला मिळते. धक्क्यावर बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीचा मुलगा तासभर सगळे समजावून सांगतो: पाण्याची टाकी, जनरेटर, पंप, आग विझवायचे नळकांडे. तो बोलत असताना सगळे जण त्याचा व्हिडिओ काढतात आणि ऐकत कुणीच नाही. व्हिडिओ नंतर बघू, असा विचार असतो. तळ्याच्या बहुतेक भागात रेंज नाही, आणि ज्याच्या फोनमध्ये व्हिडिओ आहे त्याने तो मुलाला कार्टून बघायला दिलेला असतो. याच वेळी एखादा सांगतो की 1968 च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मधले अंतराळयान याच तळ्यात पडते. ही माहिती खरी आहे. तिचा उपयोग नाही.

रात्रीसाठी बोट किनाऱ्याला लावणे हा या सहलीचा गाभा. आधी सोबतची लहान बोट पाठवून वाळूचा, उताराचा, वाऱ्याला आड असलेला किनारा शोधावा. मग हाउसबोट नाकासमोर, सावकाश, सरळ वाळूवर चढवावी. दोर दोन्ही बाजूंनी तिरके ताणून नांगर वाळूत खोल पुरावेत. पुरणे म्हणजे पुरणे. खड्डा गुडघ्याच्या वर गेला पाहिजे. इथे इंजिनिअर मंडळी कामाला लागतात. एक जण म्हणतो कोन पंचेचाळीसचा हवा. दुसरा म्हणतो, “अरे, फोर्सचा रिझल्टंट बघ ना आधी.” तिसरा काठीने वाळूत आकृती काढतो. चौथा, जो खरे तर फायनान्समध्ये आहे, एकटाच फावडे घेऊन खणत असतो, आणि त्याच्या बायकोने वहिनींना सांगितलेले असते की ह्यांची पाठ दुखते. चर्चेत अर्धा तास जातो. तेवढ्यात वारा फिरतो, बोटीचे मागचे अंग वळते आणि आकृतीवरूनच जाते. अशा वेळी कुणी कुणाला “सांगितलं होतं ना” म्हणू नये. दोर धरावा. इंजिन बंद करायला सांगितल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि ते कप्तानाने स्वतः किल्ली काढून दाखवल्याशिवाय बंद झाले असे मानू नये.

आहाराबद्दल थोडक्यात. पोहे वाऱ्याच्या दिशेला पाठ करून खावेत, वाळू तरीही येईलच. मिसळ टाळावी, तर्री आणि हलणारी बोट यांचे जमत नाही आणि वाळवंटात फरसाण दोन तासांत संपते. डोमकावळे इथले रहिवासी आहेत आणि तुमच्यापेक्षा हुशार आहेत. ते बॅगेची चेन उघडतात. भडंगाची पिशवी उशाशी ठेवून झोपणाऱ्याने सकाळी तक्रार करू नये. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरावे आणि ते पिण्यासाठी. तळ्याचे पाणी चहाला चालेल असे म्हणणाऱ्याला आधी एक कप पाजावा.

आता जो विषय ग्रुपवर कुणी काढत नाही तो. किनाऱ्यापासून पाव मैलाच्या आत तंबू ठोकणाऱ्यांनी सोबत पोर्टेबल टॉयलेट ठेवणे इथे सक्तीचे आहे, आणि त्यातले सगळे परत घेऊन जायचे असते. बोटीत शौचालय आहे, पण त्याची टाकी बारा मराठी माणसांचा आणि राजमा-चावल करून आणलेल्या एका पंजाबी मित्राचा विचार करून बनवलेली नाही. तेव्हा पाळ्या लावाव्यात. वाळूत खड्डा करून काम भागवू पाहणारा तुमच्या शेजारच्या बोटीचा शत्रू असतो. पाणी चढते-उतरते आणि पुरलेले सगळे एक दिवस पोहायला येते. हे काम लोकशाही पद्धतीने वाटावे. चिठ्ठ्या टाकल्यास हिशेबनिसाचे नाव वगळावे, तो आधीच दुखावलेला असतो.

पुढील गोष्टींबाबत विनोद करू नये. बोटीच्या मागच्या फळीवर बसून पाय पाण्यात सोडायला छान वाटते, पण जनरेटर किंवा इंजिन चालू असेल तर तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. या तळ्यावर त्याने माणसे मेली आहेत, पोहता पोहता. जनरेटर चालू असताना मागच्या बाजूला कुणीही नाही, हा नियम लहान मुलांना पाढ्यासारखा पाठ करून घ्यावा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बोटीवर लाइफ जॅकेट कायद्यानेच घालावे लागते. मोठ्यांनीही घातले तर कुणी हसत नाही. पंधरा फूट वा त्याहून उंच कड्यावरून उडी मारायला बंदी आहे, तेव्हा “कॉलेजात आम्ही विहिरीत” ही आठवण कठड्यावर बसून सांगावी. जुलै ते सप्टेंबर इथेही पावसाळी वादळे येतात. डोक्यावर निळे आभाळ असताना दूर कुठेतरी पडलेला पाऊस अरुंद घळीत भिंतीसारखा येतो. 1997 मध्ये जवळच्याच अँटिलोप कॅन्यनमध्ये अशा लोंढ्यात अकरा पर्यटक गेले. घळीत चालत शिरण्याआधी हवामानाचा अंदाज विचारावा, आणि कप्तान नको म्हणाला तर नको. एरवी त्याच्याशी वाद घालायला पुष्कळ वेळ आहे.

रेनबो ब्रिज बघायला जाल तर तिथे शांतता ठेवावी. 290 फूट उंच ही नैसर्गिक कमान नवाहो लोकांचे पवित्र स्थान आहे. कमानीखालून जाऊ नये अशी तिथे विनंती केलेली असते. देवळाबाहेर चपला काढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये, पण ड्रोन घेऊन आलेल्याला सांगावे लागते.

परतीच्या दिवशी घड्याळ सांभाळावे. ऍरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, यूटा करते, नवाहो लोकांचे क्षेत्रही करते. तळ्याचा मोठा भाग यूटात आहे आणि बोट परत द्यायची ती ऍरिझोनात. तुमचा फोन सकाळी कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल याची खात्री नाही, त्यामुळे बारा जणांच्या मनगटांवर दोन वेळा असतात आणि दोन्हींचे समर्थक तयार होतात. एका हातघड्याळाला ऍरिझोनाची वेळ लावून ते कप्तानाच्या हाताला बांधावे, आणि दंड तासावर असतो हे सर्वांना सांगून ठेवावे.

बोट टाकी भरून परत द्यावी लागते, आणि तळ्यावरचे पेट्रोल पेज गावातल्यापेक्षा महाग असते. धक्क्यावर उभे राहून माणशी रक्कम काढायला लागलात तर तिघे जण गाडी काढायला गेलेले असतील, एक फोनवर असेल आणि एक म्हणेल की आमच्या बोटीने टोइंग कमी केले. पेट्रोलचे पैसे निघण्यापूर्वी, फिनिक्समध्येच, रोख गोळा करा.