स्टार डॉट पी सिक्स्टी फाइव्ह

मे महिन्यात नागपूरला निघालेला पुणेकर एक तर लग्नाचा असतो, नाही तर कोर्टाच्या तारखेचा. माझं कारण दोन्हींपेक्षा हलकं होतं. माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायला एक प्रकाशक तयार झाला होता (घरी अजून कोणाला पटलेलं नाही). त्याला पानांच्या मूळ फाइली हव्या होत्या आणि त्या होत्या नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात. फोनवर उत्तर आलं, "सर्व्हरवर असनच ना जी. या, पाहून घ्या."

झीरो माइलचे चार घोडे ऑटोतून पाहिले. ऊन पंचेचाळीस अंशांचं. घोडे पुतळे होते म्हणून टिकले.

छापखान्यात कूलर एकच, आणि त्याचं तोंड सर्व्हरकडे. ओल्या वाऱ्यानं सर्व्हरला सर्दी होईल, हे सांगायला माझ्या घशात ओल नव्हती.

"तुमच्या फाइलीचं शेपूट काय हाये?" ऑपरेटर भाऊंनी विचारलं. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या ६.५ आवृत्तीच्या फाइलीमागे पी६५ असतं, ७ च्या मागे पीएमडी. विंडोज ही शेपटं मुळातच लपवून ठेवतं. भाऊंनी टाइप केलं : स्टार डॉट पी सिक्स्टी फाइव्ह, म्हणजे पी६५ शेपटाची प्रत्येक फाइल. नेटवर्कवरच्या डिस्कची सूची सहसा आधी तयार नसते, म्हणून यंत्र एकेक फोल्डर उघडून बघत जातं. हिरवी पट्टी सरकू लागली. मी तर्री पोहे खाऊन आलो, वर चहा घेतला.

"शोधूनच राह्यलं."

शेवटी उत्तर आलं : काही नाही. इतकं स्पष्ट मत माझ्या पुस्तकाबद्दल समीक्षकांनीही दिलेलं नव्हतं.

भानगड परवानगीची होती. ज्या फोल्डरात लॉगिनला प्रवेश नाही, ते ही शोधाची खिडकी मुकाट्यानं ओलांडून जाते आणि वर 'काही नाही' म्हणते. हा शुद्ध उद्धटपणा आहे. सरकारी खिडकीवरचा माणूस निदान 'साहेब जेवायला गेलेत' एवढं तरी सांगतो! जुन्या कामांचं फोल्डर मालकांच्या लॉगिनवर आणि मालक काटोलला लग्नात. त्यांनी बँडच्या वरताण ओरडून फोनवर पासवर्ड सांगितला. आता तो अख्ख्या वरातीला ठाऊक आहे.

मग मात्र यादी धो धो आली. वरवर पाहता माझं पुस्तक सोडून बाकी सगळं : लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विकायच्या पुस्तिका. त्यातली एक उघडली. पानभर मोजक्याच ओळी, केवढाली अक्षरं. लेखकाची आई साठीत वाचायला शिकली होती. तिला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून सगळी पुस्तिका चोवीस पॉइंटात.

"पानं कितीतरी वाढली," भाऊ म्हणाले, "पण पैसे नाही वाढवले आमी."

माझी फाइल त्या पुस्तिकेच्याच खाली होती. मी घाईनं लॅपटॉपवर घेतली. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडतच नाहीत. सीएस६ ही ती उघडणारी शेवटची आवृत्ती. भाऊंनी ती आवृत्ती कुठूनशी शोधून लॅपटॉपवर बसवून दिली. पण जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नाहीत. फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तो वाचून भाऊ खळखळून हसले. माझ्या विनोदी पुस्तकावर कोणी इतकं हसल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

तुमचंही पुस्तक कुठे पेजमेकरमध्ये पडलं असेल, तर मालकाच्या लॉगिननं पी६५ आणि पीएमडी दोन्ही शोधा, फॉन्टची फाइल सोबत मागून घ्या आणि तिथेच बसून पीडीएफ करवून घ्या. आणि डिसेंबरात जा.