अध्यक्षमहोदय, जेवण झालं असेल तर…

माननीय अध्यक्षमहोदय,



आपल्या क्लबाची साप्ताहिक भोजनसभा दर मंगळवारी मुंबईतल्या एका गारेगार हॉटेलात भरते. गेल्या आठवड्यात ती आपण मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेच्या व्हरांड्यात भरवलीत. त्याबद्दल मुख्याध्यापक या नात्याने आपले आभार मानणं माझं कर्तव्य आहे. आभार मानतो. कर्तव्य संपलं, आता पत्राला सुरुवात करतो.

आपला क्लब रोटरी आहे, लायन्स आहे की तिसराच कुठला, हे मी मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की आपले सचिव कात्रण काढून वार्षिक अहवालात चिकटवतील, एवढा मला त्यांचा अनुभव आला आहे.

सभा देखणी झाली यात वाद नाही. गाडीतून आधी पितळी घंटा उतरली, मग आपण उतरलात. आमच्या शाळेची घंटा म्हणजे लोखंडी रुळाचा टांगलेला तुकडा. मधल्या वेळेत पोरांनी दोन्ही वाजवून बघितल्या आणि आपली आवाजाला कमी भरते असा निकाल दिला. खोडाळ्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे ज्यांना उशीर झाला, त्या सभासदांना भर सभेत दंड झाला. खड्ड्यांना कुणी दंड केला नाही. ज्यांचे वाढदिवस त्यांना टाळ्या मिळाल्या, ज्यांचा नातू अमेरिकेत पहिला आला त्यांनी खुशीने पैसे काढून डब्यात टाकले, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं. मग पाहुण्या वक्त्यांनी लॅपटॉप उघडून कुपोषणावर भाषण केलं आणि त्यानंतर पनीर आलं. या क्रमावर मला काही म्हणायचं नाही. तो आपणच जुळवून आणलात.

बारीकसारीक तक्रारी एका दमात उरकतो. जेवताना तारपा वाजला पाहिजे, हा हट्ट बरा नव्हता. वाजवणारा बाबा सकाळपासून उपाशी होता. पोरांच्या गळ्यात क्लबाचे पट्टे अडकवून फोटो काढलेत, ते पट्टे जाताना मोजून परत घेतलेत. ब्लँकेटं चांगली होती. ती एकेक करून, फोटोसाठी थांबत थांबत वाटलीत, म्हणून शेवटच्या बाईला अंधार पडल्यावर मिळालं. वक्त्यांनी विचारलं, ‘‘पुरुषमंडळी दिसत नाहीत, जागरूकता कमी आहे का?’’ पुरुषमंडळी भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आहेत, साहेब. दिवाळी झाली की पाडाच्या पाडा जगायला बाहेर पडतो. बरीच घरं बायकापोरांसकट जातात. भट्टीवाल्याकडून घेतलेली उचल फेडता फेडता होळी उजाडते. जानेवारीत इथे येऊन जागरूकता मोजणाऱ्याला दाराला लागलेली कुलपं तेवढी मोजता येतात.

हे सगळं सोडून देतो. टाकीचं मात्र सोडवत नाही.

शाळेच्या मागे सिमेंटच्या ओट्यावर पाच हजार लिटरची काळी टाकी आहे. खाली ओहोळाला लागून विहीर आहे. तिला बाराही महिने थोडंफार पाणी असतं, अडचण आहे ती पाणी वर चढवण्याची. म्हणून आपल्याच क्लबाने काही वर्षांपूर्वी विहिरीवर सौर पंप बसवला, टाकी उभी केली, चार तोट्या काढल्या. त्या वर्षी बायांच्या डोक्यावरचा हंडा खरोखर उतरला. तेव्हाचे अध्यक्ष देवमाणूस वाटले आम्हाला. दुसऱ्या पावसाळ्यात वीज पडली आणि पंपाचा कंट्रोलर जळाला. त्या दिवसापासून टाकी कोरडी आहे. ओट्यावर मात्र भर पडत गेली. पहिल्या अध्यक्षांची पाटी होतीच. पुढे आणखी एक अध्यक्ष आले, त्यांनी कुंपण घातलं आणि दुसरी पाटी लावली. गेल्या आठवड्यात आपण ओट्याला निळा रंग दिलात आणि ‘नूतनीकरण’ असं कोरलेली तिसरी पाटी लावलीत. एका टाकीवर तीन अध्यक्ष आहेत. पाण्याचा पत्ता नाही.

तरीही आपण फीत कापून तोटी फिरवलीत तेव्हा पाणी आलं. धो धो आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते पाणी कुठलं होतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. आदल्या संध्याकाळी आपल्या सचिवांनी टँकर मागवून टाकी भरून घेतली होती. फोटोसाठी.

बायांना ते माहीत होतं. त्या अकरा वाजल्यापासून समोरच्या उन्हात बसून होत्या, कारण ‘लाभार्थींशी संवाद’ असा आपला कार्यक्रम होता आणि त्याला लाभार्थी लागतात. संवादाची वेळ जेवणानंतर आली आणि दहाएक मिनिटांत संपली. तोवर एक म्हातारी दोनदा माझ्याकडे येऊन गेली. ‘‘गुरजी, यांचा जेवान झाला का पानी नेऊ ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो आजी, मंडळींचं आटोपू दे.’’ मंडळींचं आटोपलं. मग केटररच्या पोरांनी भांडी काढली. मोठाले टोप, झारे, ताटं, वाट्या, पेले. त्यांनी टाकीच्या चारही तोट्या सोडल्या आणि सगळी भांडी लखलखीत करून टेम्पोत चढवली. जेवणाला वाढप्यांची जेवढी घाई नव्हती तेवढी धुण्याला होती, घाट उतरायला अंधार नको म्हणून. बाया हंडे घेऊन पुढे झाल्या तेव्हा तोटीतून करंगळीएवढी धार आली, मग थेंब, मग हवा.

याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. भिंत शंभर मीटरहून उंच. तिथून रोज 455 दशलक्ष लिटर पाणी आपल्या मुंबईला जावं अशी ती योजना. इथे पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यात टँकर फिरतात. हा हिशेब आपल्या क्लबाने केलेला नाही, तो सरकारच्या नावावर आहे, मान्य. धरणाचं पाणी मुंबईला गेलं, त्याचा राग आम्ही कधीच गिळला. पण आमच्याच पाड्यावर, आमच्याच बायांच्या डोळ्यांदेखत, त्यांना म्हणून दाखवलेल्या पाण्याने आपण आपली उष्टी ताटं विसळून गेलात! लाज म्हणून काही असते की नाही? असते, आणि ती त्या दिवशी मला वाटली. कारण ‘आटोपू दे’ म्हणणारा मी होतो. आपल्यापैकी एकाच्याही डोळ्यांत मला ती दिसली नाही. सेवा करायला आलेल्या माणसांनी एवढं तरी बघायला हवं की आपण कुणाच्या वाट्याचं वापरतोय. समाजसेवेच्या पट्ट्याखाली हे चालत असेल तर तो पट्टा जरा गळ्यातून काढून ठेवा.

थोडं शांत होऊन लिहितो.

कंट्रोलर का दुरुस्त होत नाही, हे मी शोधायचा प्रयत्न केला आहे. ग्रामसेवक म्हणतात, टाकी आणि पंप ग्रामपंचायतीच्या मालमत्तेत नोंदवलेलेच नाहीत, हस्तांतरणाचा कागद नाही, खर्च कशातून टाकू? पंपाची कंपनी म्हणते, बिल ज्यांच्या नावावर त्यांनीच तक्रार करावी. बिल आणि वॉरंटीचं कार्ड आपल्या क्लबाकडे. क्लबाला फोन केला की उत्तर येतं, तो आधीच्या अध्यक्षांचा प्रकल्प होता, यंदाचा विषय वेगळा आहे.

हा ‘यंदा’ काय असतो ते मला आता कळलं. रोटरी असो की लायन्स, आपलं वर्ष 1 जुलैला लागतं आणि 30 जूनला संपतं. दर 1 जुलैला नवे अध्यक्ष, नवं घोषवाक्य, नवी पाटी. आता आमचं वर्ष ऐका. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी. बाया दिवसभर चिखलात, घरातलं धान्य संपत आलेलं, पोरं आजारी. कुपोषणाचा खरा हंगाम हाच. 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि सगळ्या महाराष्ट्राला हा भाग ठाऊक झाला, तेव्हापासून मदतीच्या गाड्या येतच आहेत. पण आवणीच्या दिवसांत आपल्यासारख्यांच्या गाड्या येत नाहीत, कारण तेव्हा मुंबईत नव्या अध्यक्षांच्या पदग्रहणाचे सोहळे असतात आणि इथे रस्ते वाहून गेलेले असतात. आपण येता डिसेंबर-जानेवारीत. हवा छान, जव्हारचा जयविलास राजवाडा बघता येतो, दाभोसा धबधबाही बघता येतो. नेमका तेव्हा निम्मा पाडा भट्टीवर. एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी जीव जातो तेव्हा आपल्या अध्यक्षांच्या कारकिर्दीचे शेवटचे महिने असतात आणि निधी संपलेला असतो. आपलं पंचांग आणि आमचं पंचांग एकमेकांना कुठेच भेटत नाही. भेटतं ते फक्त पाटीवर.

गंमत अशी की सभेचा नेम पाळावा तो आपणच. 1905 साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे मित्र आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमू लागले, 1917 साली त्याच शहरात मेल्विन जोन्स यांच्या दुपारच्या जेवणाच्या मंडळातून लायन्स उभी राहिली. सेवेआधी हजेरी आली, असं म्हटलं तर राग मानू नका. 1919 साली कोलकात्यात आणि 1929 साली मुंबईत रोटरी आली, तीही हाच नेम घेऊन. एका क्लबाची सभा चुकली तर दुसऱ्या क्लबाच्या सभेला बसून ती भरून काढायची, अशीही सोय म्हणे आपल्याकडे आहे. जेवणाला इतकं इमान मी कुठल्याच देवस्थानात बघितलेलं नाही. त्या इमानाचा चतुर्थांश आमच्या कंट्रोलरच्या वाट्याला आला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. रोटरीने 1985 साली पोलिओविरुद्धची मोहीम हाती घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त ठरला. या काळात पंचविसावर अध्यक्ष आले आणि गेले, विषय बदलला नाही. पाड्यापाड्यावर पायपीट केली ती सरकारी आरोग्यसेविकांनी आणि अंगणवाडीच्या बायांनी, हे खरं. पण त्यांच्या पाठीशी पैसा आणि पाठपुरावा घेऊन वर्षानुवर्षं कुणीतरी उभं होतं. त्या मोहिमेत कुणी मध्येच ‘यंदाचा विषय वेगळा आहे’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते आपणच आपल्या पुढच्या सभेत चर्चेला घ्या.

जाता जाता आपण व्हरांड्याच्या टोकाला एकटेच उभे होतात, तेव्हाचं आपलं बोलणं मी विसरलेलो नाही. आपण म्हणालात, ‘‘मास्तर, चाळीस सभासद आहेत, आज बारा आले. तरुण पोरं येतच नाहीत. हॉटेलवाला पन्नास ताटांचे पैसे घेतो, उरलेले मी भरतो.’’ आपल्याला गुडघ्यांमुळे ओट्याच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या, तरी आपण हाताला धरून चढलात. तोटीतून पाणी आलं तेव्हा आपल्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता. आपल्याला टँकरचं ठाऊकच नव्हतं. आपल्यालाही त्या बायांसारखंच समोर बसवून दाखवलं गेलं, एवढाच फरक की आपल्याला खुर्ची होती. त्या क्षणी मला आपली दया आली. मी काही बोललो नाही, कारण पाहुण्याच्या आनंदावर पाणी ओतायचं म्हटलं तरी पाणी शिल्लक नव्हतं.

म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे, सचिवांना नाही.

ब्लँकेटं नकोत, चौथी पाटी नको, भोजनसभा तर मुळीच नको. तीनच कामं करा. पंपाचं बिल आणि वॉरंटीचं कार्ड कुठल्या कपाटात आहे ते शोधून काढा. टाकी, पंप आणि विहिरीवरचे पॅनेल ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित केल्याचा एक साधा कागद सही-शिक्क्यानिशी पाठवा. आणि नवा कंट्रोलर बसवायला माणूस पाठवा, त्याच्या जेवणाची सोय आमच्या पोषण आहाराच्या चुलीवर होईल. खिचडी असते, चांगली असते. जुलैत जे नवे अध्यक्ष येतील त्यांच्या हातात घंटेबरोबर ही फाइलही द्या.

पाड्यातला हातपंप होळीनंतर हवा ओढायला लागतो. आपल्या कारकिर्दीला तेव्हा तीनेक महिने उरलेले असतील. तेवढ्यात हे काम सहज होण्यासारखं आहे. करा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका पाड्यावरचा मास्तर
ता. मोखाडा, जि. पालघर