धूर नेमका कुणाचा?

बालाघाटकरांनी पेढे वाटायला हरकत नाही. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. त्यात मध्य प्रदेशातली भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर वगैरे शहरं हवेत नापास झाली. बालाघाट त्या यादीत नाही. काळी पुतळी चौकातल्या पुतळीवर काजळी बसली, तरी नावावरून ती तिचीच समजायची.

घरची धूळ आहेच, भरवेलीच्या मँगनीजच्या कृपेनं. पण पाहुण्या धुळीचीही वर्दळ असते. हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून येतो, तिकडे सिंगरौली आणि कोरब्याची कोळशावरची वीज केंद्रं. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून आला, तर त्या अंगाला तिरोडा आणि कोराडीची. अडीच मायक्रॉनचा कण दिवसचे दिवस तरंगत शेकडो किलोमीटर जातो. वर कोळशातून निघालेला गंधकाचा वायू वाटेतच रूप पालटून सल्फेटचा कण होतो. निघताना एक, उतरताना दुसराच, ओळखणार कोण?

डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं वीज केंद्रांना बजावलं, दोन वर्षांत गंधक आवरा. मग मुदतीमागून मुदती. शेवटी जुलै २०२५ मध्ये तोडगा निघाला. दिल्ली राजधानी परिसर, दहा लाख वस्तीचं शहर किंवा प्रदूषित म्हणून नोंदलेलं ठिकाण दहा किलोमीटरच्या आत नसेल, तर गंधकाची मर्यादाच माफ! कोरब्यासारख्या आधीच बदनाम जागी समिती एकेका केंद्राचं बघेल. माफीला अट एकच, धुराडं नियमाप्रमाणे उंच हवं.

उंच धुराड्याची खुबी अशी, की धूर शेजाऱ्याच्या डोक्यावरून जातो आणि तिसऱ्याच्या छातीत उतरतो. इंग्लंडनं हे करून पाहिलंय. त्यांची धुराडी उंच झाली आणि नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांतले मासे मेले. १९७९ साली जिनिव्हात देशादेशांना करार करावा लागला. आपल्याकडे राज्या-राज्यांत तेवढंही नाही, कारण मासे आपण बाजारातून आणतो.

सरकार झोपलंय असं मात्र म्हणू नका. मे २०२५ पासून मध्य प्रदेशात शेतात नरवाई, म्हणजे पिकाचे खुंट, जाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा पैसा वर्षभर बंद. उपग्रह वरून बघतो, पटवारी खालून. बिचाऱ्यानं जमिनीवर काडी लावली, तिथंच चुकलं. तीच नरवाई २७५ मीटर उंच धुराड्यावर नेऊन जाळली असती, तर कागदपत्रं एकदम चोख होती.