कुठपर्यंत येतंय?

‘नेट बंद आहे’ असं अण्णांना सांगायचं नाही. ते चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “बंद म्हणजे? कुठपर्यंत येतंय?” ते ठाऊक असतं तर आपण जिने उतरून त्यांच्या दारात कशाला उभे राहिलो असतो? पण हे बोलून दाखवायची सोय नसते. कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातला अबोला मिटवणारा माणूस आमच्या इमारतीत हा एकच. ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठल्याही सोसायटीत जा, असे एक अण्णा सापडतातच. कुठे त्यांना काका म्हणतात, कुठे आप्पा. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर दिसला की ओळखावं.

आमचे अण्णा टेलिफोनवाले. उमेदीची सगळी वर्षं खांबावरची डीपी उघडण्यात, पावसाळ्यात जॉइंटमध्ये शिरलेलं पाणी शोधण्यात आणि “नुसती खरखर येते हो” ही तक्रार ऐकण्यात गेली. ठाण्याला मुंबईचा ०२२ आणि डोंबिवलीला मात्र ०२५१, हा अन्याय त्यांनी अजून विसरलेला नाही. मुलीला ठाण्यातलं स्थळ आलं तेव्हा “मुलगी ०२२ मध्ये दिली” असंच ते सांगत सुटले होते. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलचे ७८ हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले, त्यांत हेही होते. आता सकाळी फडके रोडवरून फेरी, संध्याकाळी गणेश मंदिर, एवढंच करायचं असा बेत होता. दोन महिने होतात न होतात तोच लोकल बंद झाली, रोज फलाटावर उभी असणारी माणसं घरात लॅपटॉप उघडून बसली आणि मजल्यामजल्यावरून हाका सुरू झाल्या, “अण्णा, जरा येता का?” तेव्हापासून अण्णा पुन्हा ड्यूटीवर आहेत. पगार चहाचा.

तो चहाही ते आल्या आल्या घेत नाहीत. “आधी लाइन.” रेग्झिनच्या जुन्या पाकिटातून टेस्टर, भिंग, टॉर्च आणि निळी लॅन केबल बाहेर येते. ही केबल ‘पारखलेली’ आहे. ती लावून चालू झालं तर दोष तुमच्या केबलचा, याबद्दल वाद नाही. ती ते कुणालाही उसनी देत नाहीत. सख्ख्या जावयालासुद्धा दिलेली नाही. सगळी मांडामांड झाली की अण्णा राउटरसमोर खुर्ची ओढून बसतात आणि काहीही करत नाहीत. नुसते दिवे बघतात. तुमचा साहेब तिकडे मीटिंगमध्ये ताटकळलेला असतो आणि अण्णा इकडे दिव्यांशी बोलत असतात.

पहिला प्रश्न, “एलओएस लाल आहे का?” लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. मग घरातली एकही वस्तू हलवायची नाही, केबलवाल्याला फोन करायचा. लाल नसेल तर दुसरा प्रश्न, “मोबाइलवर येतंय?” घरातून तीन आवाज येतात, “येतंय की!” यावर अण्णा शांतपणे म्हणतात, “मोबाइलचा डेटा बंद करून सांगा.” मग आवाज एकच येतो आणि तोही बारीक. डेटा बंद करूनही मोबाइलवर येत असेल तर राउटर निर्दोष सुटतो आणि चौकशी कॉम्प्युटरकडे वळते.

चौकशीत घरातला मुलगा हमखास उलटतपासणीत सापडतो. “तू काय काय दाबलंस?” “काहीच नाही.” अण्णांच्या मते ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्यानंच सगळं दाबलेलं असतं. रीस्टार्ट त्यांना एकवेळ चालतं, पण रीसेटचं नाव काढलं की त्यांचा रक्तदाब वाढतो. राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन खुपसून दहा सेकंद धरली की आतली युजरनेमपासून पासवर्डपर्यंतची सगळी मांडणी पुसली जाते, आणि मग केबलवाला उगवेपर्यंत अण्णांचाही इलाज चालत नाही. म्हणून आमच्या इमारतीतल्या बहुतेक राउटरांच्या त्या भोकावर त्यांनी स्वतः चिकटपट्टी लावली आहे.

मग केबल. ती खोचताना ‘टक्’ असा आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर टोकाची प्लास्टिकची जीभ तुटलेली आहे आणि झाडू मारताना केबल रोज केसभर बाहेर सरकते आहे. तेही ठीक असेल तर काळी खिडकी उघडते. तिच्यात अण्णा एका बोटानं टाइप करतात आणि आकडा वाचतात. १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला की त्यांचा चेहरा उजळतो. कॉम्प्युटरनं राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर मिळालं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक पत्ता धरून ठेवला, असा त्याचा अर्थ. १९२.१६८ असेल तर पत्ता मिळालेला आहे आणि घोडं पुढे कुठेतरी अडलंय. मग पिंग.

पिंग म्हणजे काय हे त्यांनी आमच्या सगळ्या इमारतीला लोकलवरून शिकवलं आहे. डोंबिवलीहून सुटलेली स्लो गाडी ठाण्याला आली नाही, म्हणून कुणी ठाण्याच्या स्टेशनमास्तरला शिव्या घालत नाही. कोपरला आली का? दिवा? मुंब्रा? कळवा? जिथवर आली त्याच्या पुढे घोटाळा. तसंच आधी १२७.०.०.१, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःशी तरी धड बोलतोय का. मग राउटर. मग बाहेरचं ८.८.८.८. तिथवर गेलं आणि तरीही साइट उघडत नसेल तर नाव सांगून पत्ता काढून देणारा डीएनएस झोपलाय. प्रत्येक वेळी चार निरोप जातात आणि चार परत येतात. “चारही वेळेवर!” असं अण्णा ज्या कौतुकानं म्हणतात, ते कौतुक उभ्या जन्मात सकाळच्या आठच्या गाडीच्या वाट्याला आलेलं नाही.

त्यांच्या काही केसेस इमारतीत अजून सांगितल्या जातात. चौथ्या मजल्यावर गणपतीनंतर राउटर दर दहा मिनिटांनी स्वतःच बंदचालू होऊ लागला. दिवे सगळे लागत होते, म्हणून नवा राउटर घ्यायचं ठरत आलं होतं. अण्णांनी भिंग लावून अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचली. मखराच्या आवराआवरीत सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर राउटरला लागला होता. व्होल्ट तेवढेच, अँपिअर मात्र निम्मे. दिवे लावण्यापुरता जोर त्यात होता. सगळं घर नेटवर बसलं की संपत होता. दुसऱ्या एका घरात प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेत होती. अण्णांनी राउटरकडे पाहिलंही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवलं, “तुमच्याकडे अजून २०१० साल चालू आहे.” मदरबोर्डवरचा गोल सेल संपला होता. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला खोटी वाटतात.

०२२ मधल्या मुलीकडचं प्रकरण मात्र त्यांना स्वतः गाडीनं जाऊन मिटवावं लागलं. फोनवर ती सांगत होती, “बाबा, सगळे दिवे हिरवे आहेत.” “सगळे कधीच हिरवे नसतात, बाळा.” घोडबंदर रोडवर पोचल्यावर कळलं की राउटर पितळी समईच्या मागे, स्टीलच्या डब्यांच्या आडोशाला, वरून क्रोशाचं कव्हर घालून ठेवला होता. जावई सॉफ्टवेअरमधला. जगभरचे सर्व्हर सांभाळतो. “क्लाउडवर असतो तो,” अण्णा म्हणाले, “त्याला घरातले डबे कसे दिसणार?”

अण्णांचा खरा जाच नेट चालू झाल्यावर सुरू होतो. तुम्ही हुश्श करून मीटिंगमध्ये परत शिरता, तेवढ्यात अण्णा केबल पुन्हा काढतात. “बघा, गेलं. आता लावतो. बघा, आलं.” का चालू झालं हे कळलं नाही तर चालू झालं असं म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. साहेबाला हा नियम कसा समजवायचा हे ज्याचं त्यानं बघावं.

हीच पद्धत ते जगाला लावतात. टाकी भरत नाही, “पाणी कुठपर्यंत चढतंय?” रीडेव्हलपमेंटची सभा तापते, सेक्रेटरी बिल्डरला आणि सभासद सेक्रेटरीला धारेवर धरतात. मागच्या खुर्चीवरून अण्णा विचारतात, “फाइल कुठपर्यंत गेलीय?” सभा गप्प होते, कारण ते कुणीच पाहिलेलं नसतं. केबलवाला कॉम्प्युटरवर ढकलतो, कॉम्प्युटरवाला राउटरवर, राउटरवाला केबलवर. दोष कुणाचा हे विचारणारे पैशाला पासरी मिळतात. कुठे अडलंय ते शोधायला वाकणारा एखादाच.

तेव्हा तुमच्या इमारतीत असे अण्णा असतील तर त्यांचा चहा चुकवू नका, त्यांच्या व्याख्यानाला हूं हूं म्हणा. आणि त्यांना बोलावल्यावर ते येईपर्यंत राउटर बंदचालू करू नका. पुरावा नष्ट होतो आणि अण्णा चार दिवस बोलत नाहीत.