‘कचरा काढला’ म्हणणाऱ्या भाच्यास

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद मनापासून आहेत आणि पुढे जे लिहिते आहे तेही मनापासूनच आहे.

हे पत्र घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं असतं तर तू त्याला एक अंगठा लावून मोकळा झाला असतास. फोनवर दोनदा बोलून पाहिलं. दोन्ही वेळा तुझं एकच उत्तर, “आत्या, एवढं काय झालंय? मी फक्त कचरा काढला.” म्हणून आता चारचौघांत लिहिते. तुझं नाव घालत नाही. घालायची गरजही नाही. तुझ्यासारखा एक हुशार मुलगा आता घरोघरी आहे आणि दिवाळीला गावी आला की तो न विचारता घरच्या संगणकाची साफसफाई करतो.

तू कचरा म्हणून काय काढलंस, ते आधी ऐक.

माझ्या फोटोंच्या प्रत्येक फोल्डरमध्ये ‘पिकासा डॉट आयएनआय’ नावाची एक बारकीशी फाइल लपलेली होती. अशा तीनशेच्या वर फायली होत्या. तुला त्या व्हायरससारख्या वाटल्या. सगळ्या निवडल्यास आणि एका फटक्यात उडवल्यास. त्या फायलींत तुझी आजी होती.

पिकासा तुला आठवत नसेल. गूगलने २००४ साली घेतलेलं आणि फुकट वाटलेलं ते फोटो लावायचं सॉफ्टवेअर. २००९ पासून त्यात चेहरे ओळखायची सोय आली. संगणक चेहरे कापून एका पानावर मांडायचा आणि खाली विचारायचा, हे कोण? एकदा नाव दिलं की तसा चेहरा इतर फोटोंत शोधून तो आपल्यासमोर ठेवायचा, आपण हो किंवा नाही म्हणायचं. ही सगळी उत्तरं तो त्या बारक्या फायलींत लिहून ठेवायचा.

उत्तरं देणारी मी नव्हते, आई होती. २०११ ते २०१४ अशी चार वर्षं, दुपारची झाकपाक झाली की ती संगणकाशेजारी खुर्ची ओढून बसायची. आपल्या अंगणात दर आषाढात जी दिंडी उतरते, त्यातल्या बायकांचे चेहरे मी मोठे करून दाखवायचे आणि ती सांगायची. ही परभणीकडची, हिचा धाकटा मुलगा विहिरीत गेला त्या साली ती आली नव्हती. ही तिची जाऊ. ही दोघींची कुणीच नाही, पण वीस वर्षं एकाच पथारीवर निजतात. डोक्यावरून पदर, कपाळाला बुक्का, उन्हाने रापलेले चेहरे. पिकासा त्यांची गल्लत करायचा, दोन बायकांची एक करून टाकायचा. आई त्याला दुरुस्त करायची. तिला लिहिता येत नव्हतं. तिच्या आयुष्यातलं लिहून झालेलं असं जे काही होतं, ते त्या फायलींत होतं. २०१८ साली ती गेली.

तू म्हणतोस, फोटो तर आहेत ना. हो, फोटो आहेत. बायका आहेत. त्या कोण, हे आता कुठेच नाही.

दुसरा कचरा म्हणजे ‘पिकासा ओरिजिनल्स’ नावाचे लपलेले फोल्डर. पिकासात फोटो कापला, उजळ केला आणि सेव्ह केला की मूळ फोटो त्या फोल्डरमध्ये जपून ठेवला जायचा. मी हौसेने कितीतरी फोटो कापले होते, चेहरे नीट दिसावेत म्हणून. मूळ आहेच, या भरवशावर कापले होते. तुला वाटलं, एकाच फोटोच्या दोन प्रती कशाला? मूळ गेला, कापलेला राहिला. कडेला उभे असलेले सगळे कायमचे कडेलाच गेले.

तिसरी करामत मला सगळ्यांत जड गेली. ‘२००८ सदाशिवनगर रिंगण’, ‘२०१० खुडूस’, ‘२०१३ वेळापूर मुक्काम’ असे माझे फोल्डर होते. ते मोडून सगळे फोटो तू ‘ऑल फोटोज’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये ओतलेस. सोपं पडतं म्हणालास. अरे, कॅमेरा फोटोला चार अक्षरं आणि चार आकडे एवढंच नाव देतो. ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरू करतो. माझ्याकडे इतक्या वर्षांत दोन कॅमेरे झाले, दोन्ही एकाच कंपनीचे. एकाच नावाचे तीन-तीन फोटो वेगवेगळ्या फोल्डरांत सुखाने नांदत होते. तू त्यांना एका खोलीत कोंबलंस, तेव्हा संगणकाने तुला विचारलं असणार, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? त्याने विचारलं होतं. तू वाचलं नाहीस. ‘सगळ्यांसाठी हेच’ अशी खूण केलीस आणि ‘रिप्लेस’ दाबलंस. चौदा हजारांच्या आसपास फोटो होते, आता अकरा हजार भरत नाहीत. “एकही चांगला फोटो डिलीट केला नाही,” असं पुन्हा म्हणू नकोस.

मी इथे विचारलं. जाणकार म्हणाले, डिस्कवरून पुसलेली फाइल लगेच मरत नाही, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती असते. फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर ती खणून काढतं, नाव गेलं तरी चित्र हाती लागतं. म्हणून डिस्क बघितली. मोकळ्या झालेल्या जागेत तू सिनेमे भरून ठेवले होतेस, मला विरंगुळा म्हणून.

आता चौथी गोष्ट. हे पत्र खरं तर तिच्यासाठी आहे.

तू दुहेरी फोटो शोधणारं एक सॉफ्टवेअर चालवलंस. सारखे दिसणारे दोन फोटो सापडले की त्यातला लहान आकाराचा ठेवायचा, जागा वाचते, असा हुकूम तू त्याला दिलास. लहान फोटो कोणते होते? २०२१ च्या जुलैत घरच्या गटावर फिरलेले. त्या वर्षी वारी पायी गेली नव्हती. २०२० सालीही नाही. दोन्ही वर्षी पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. माळशिरसचा रस्ता आषाढात मोकळा पाहिला, तेव्हा मी जुने रिंगणाचे फोटो गटावर टाकले होते. करमत नव्हतं म्हणून टाकले होते. कुणीतरी ते उतरवून पुन्हा याच डिस्कवर आणून ठेवले.

व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो, एवढंच तुला माहीत आहे. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली तारीख, वेळ आणि जीपीएस असेल तर ठिकाण, हे सगळं व्हॉट्सॲप काढून टाकतं. फाइलला नाव देतं ते फोटो फोनवर आल्याच्या दिवसाचं. तू ठेवलेल्या एका फोटोचं नाव आहे ‘आयएमजी-२०२१०७१५-डब्ल्यूए००३१’. त्यात सदाशिवनगरचं रिंगण आहे. तारखेप्रमाणे लावले की तो फोटो जुलै २०२१ मध्ये जाऊन बसतो, जेव्हा तिथे रिंगण झालंच नाही.

तो फोटो २०१२ चा आहे. त्या साली आषाढी एकादशी ३० जूनला होती, म्हणजे फोटो जूनच्या शेवटच्या आठवड्यातला. २०१२ हे दुष्काळाचं साल, पुढचा उन्हाळा आपल्या तालुक्याने कसा काढला ते तुझ्या बापाला विचार. फोटोत घोड्याच्या टापांमागे धुळीचा लोट उठलाय, मैदानावर गवताची काडी नाही. मूळ फोटो हा त्या कोरड्या जूनचा पुरावा होता. तू राखलेला फोटो करोनाच्या वर्षाबद्दल खोटं सांगतो. उद्या एखादी शाळकरी पोर वारीवर प्रकल्प करायला माझ्याकडे येईल, तारीख बघेल आणि लिहील, करोनातही सदाशिवनगरला रिंगण झालं. तिची चूक कशी म्हणायची? कागद तर तुझा आहे.

तू म्हणशील, रिंगण काय, दर वर्षी तेच. अगदी खरं. धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात येते, नातेपुत्याला मुक्काम होतो, सदाशिवनगरला गोल रिंगण, मग माळशिरस, दुसऱ्या दिवशी खुडूस फाट्याचं रिंगण आणि वेळापूर. पताकांचं कडं तेच. अंकलीहून आलेले दोन अश्व, एकावर स्वार आणि दुसऱ्याची पाठ माउलींसाठी मोकळी. टापांखालची माती कपाळाला लावायला धावणारी माणसं तीच. म्हणूनच तारीख लागते, बाळा. लग्नाचा फोटो तारखेशिवायही कुणाच्या लग्नाचा ते सांगतो. रिंगणाच्या फोटोला तारीख नसेल तर तो कुठल्याच वर्षाचा राहत नाही.

आणि काही गोष्टी दर वर्षी त्याच राहिल्या नाहीत. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ ला बसली, आज तो राष्ट्रीय महामार्ग ९६५ आहे. वारकऱ्यांनी ज्यांच्या सावलीत भाकरी सोडली ती रस्त्याकडेची जुनी झाडं त्यात गेली. कुठलं झाड कुठे होतं आणि कोणत्या सालापर्यंत होतं, हे माझ्या फोटोंवरून सांगता येत होतं.

तुझं आणखी एक म्हणणं मी ऐकलंय. “आता हे सगळं फोन आपोआप करतो, आत्या.” फोन एकाच माणसाचे चेहरे एकत्र आणतो, पण त्या माणसाला परभणीकडची म्हणतात हे त्याला कुणी सांगायचं? आणि सांगितलंच, तर ते राहणार कुठे? पिकासा २०१६ साली बंद झालं. गूगल फोटोजवर २०१५ पासून हवे तेवढे फोटो फुकट ठेवता यायचे, ते १ जून २०२१ पासून थांबलं. आता मेल, कागदपत्रं, फोटो सगळं मिळून १५ जीबी. कंपन्या त्यांच्या हिशेबाने दुकान उघडतात आणि बंद करतात. माझी चूक मी मान्य करते. आईने सांगितलेली नावं मी एकाच सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवली, फोटोच्या पोटात लिहून घेतली नाहीत. पण पिकासा बंद झाल्यावरही माझ्या संगणकावर ते चालत होतं आणि नावं जागच्या जागी होती. ती पुसली माणसाने.

आता काय करायचं ते सांगते, कारण नुसतं रागावून मला थांबायचं नाही.

‘ऑल फोटोज’ला हात लावू नकोस. तुझ्या जुन्या फोनमध्ये, तुझ्या लॅपटॉपवर, तू कधी काळी पेनड्राइव्हवर नेलेल्या प्रतींमध्ये माझे जे फोटो असतील ते जसेच्या तसे घेऊन ये. व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असतील तर फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग तारीख शाबूत राहते. तुझ्या लॅपटॉपवर डिजिकॅम घाल. तेही फुकट आहे, चेहरे आपल्याच संगणकावर ओळखतं, आणि नाव फोटोच्याच फाइलमध्ये लिहायची सोय त्यात आहे. ती सोय आधी चालू कर. ज्या फोटोंची तारीख गेली त्यांची आपण शोधू. मी पंचांग काढून ठेवलंय. २०१५ ला अधिक आषाढ होता, एकादशी २७ जुलैला पडली. २०१८ ला अधिक ज्येष्ठ, एकादशी २३ जुलैला. पेरणी किती वर आलीय, झाडं आहेत की गेलीत, आपल्या ओट्याला फरशी बसली होती का, लोकांच्या हातात मोबाइल दिसतो का, यावरून साल लावता येतं. नक्की कळलं नाही तिथे ‘अंदाजे’ असं लिहायचं. खोटी तारीख लिहायची नाही. आणि सगळं झालं की तीन प्रती करायच्या, त्यातली एक पुण्याला तुझ्या घरी राहील.

नावांचं काम मात्र तुला आणि मला जमण्यासारखं नाही. आईला ओळखणाऱ्या त्या दिंडीतल्या दोघी अजून येतात. एकीला एका डोळ्याने दिसत नाही, दुसरीला ऐकू कमी येतं. दोघी मिळून बाकीच्यांना ओळखतील. त्यांच्यापुढे लॅपटॉप धरून बसायचं, चेहरे मोठे करायचे, घाई करायची नाही आणि त्या सांगतील ते टिपून घ्यायचं. ते तू करायचंस.

२०२६ ची आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. त्याआधीच्या आठवड्यात पालखी माळशिरसला मुक्कामी असेल. चार दिवसांची रजा आत्ताच टाक.

तुझी आत्या,
माळशिरस