विलायती अवमूल्यन आणि सुनेवरील बालंट

लंडन,
21 जानेवारी 1968

तीर्थरूप बाबांचे सेवेशी,
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. बँकेतून हाती आलेली रक्कम 210 रुपयांऐवजी 180 भरली, यावरून मामलेदार कचेरीत आयुष्यभर तुटीचे कागद चाळलेल्या आपल्या नजरेने सुनेच्या काटकसरीवर जो ठपका ठेवला आहे, तो मी तिला वाचून दाखविला नाही. तो तिने स्वतःच वाचला. सबब तिच्या वतीने ही कैफियत.

आम्ही पूर्वी दहा पौंड धाडीत होतो, आजही दहाच धाडतो. पौंडास 13 रुपये 33 पैसे पडत, तोवर आपणांस 133 मिळत. 6 जून 1966 पासून अर्थमंत्री सचिंद्र चौधरी यांनी रुपयाचे अवमूल्यन करून पौंड 21 रुपयांवर नेला, आणि पगारात एका पेनीचीही भर न पडता मी कल्याणच्या पारनाक्यावर 210 रुपयांचा कर्ता मुलगा ठरलो. त्या वेळी आपण सुनेच्या औदार्याची जी तारीफ केलीत, ती वस्तुतः इंदिराबाईंच्या सरकारची होती.

पुढे सुवेझ कालवा बंद, गोद्यांत संप आणि निर्यातीहून आयात जड, अशा ओझ्याखाली गेल्या 18 नोव्हेंबरला येथील पंतप्रधान विल्सनसाहेबांनी पौंड 2.80 डॉलरांवरून 2.40 वर उतरविला, व दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर प्रजेस अभय दिले की, तुमच्या खिशातील पौंड काही कमी झालेला नाही. खरे आहे, परंतु कल्याणास जाणाऱ्या पौंडाला खिशातून बाहेर पडावेच लागते. 1949 साली पौंडामागोमाग रुपयाही उतरला होता, म्हणून हुंडणावळ जागच्या जागी राहिली. या खेपेस दिल्लीने डॉलरला साडेसात रुपये हा भाव सोडला नाही, म्हणून पौंड 18 वर आला. दर असे बांधून देण्याची व्यवस्था 1944 साली ब्रेटन वुड्स येथे ठरली, आणि ज्यांच्या बुद्धिमत्तेचे दाखले आपण आम्हांस नित्य देत आलात, ते चिंतामणराव देशमुखही तेथे हजर होते; तेव्हा चौकशी लांबवायचीच झाल्यास ती त्यांच्या कुलाबा जिल्ह्यापर्यंत न्यावी लागेल.

शिवाय परक्या नाण्याचे नवल कल्याणकरांनी करावे, हे शोभत नाही. ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्द्याने आपल्या बंदराची नोंद केली आहे, आणि भडोचेस रोमन दिनार देशी नाण्यांत बदलताना नफा होतो, हेही लिहून ठेवले आहे. मात्र कल्याणास चुकून लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचेस रवाना होत, असेही तोच सांगतो. सारांश, बट्ट्याचा नफा आपल्या गावास तेव्हाही लाभला नाही.

आता तोडगा. 210 रुपये पुरे करण्यास 11 पौंड 13 शिलिंग 4 पेन्स लागतात, हा हिशेब आपल्या सुनेने कागदावाचून केला, व फेब्रुवारीपासून तेवढी रक्कम रवाना करण्याचे ठरविले. वरचा 1 पौंड 13 शिलिंग 4 पेन्स कोणत्या खात्यातून काढावा, याविषयी तिने माझे मत विचारले नाही. माझी तंबाखू मात्र पुढील हुकमापर्यंत तहकूब झाली आहे.

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक पुत्र