काटकसरीचं तोरण

घरी ओवलेलं तोरण स्वस्त पडतं, हा समज ज्यानं पसरवला त्यानं ते नक्की बायकोकडून ओवून घेतलं असणार. दसऱ्याला तयार तोरण आमच्या नाक्यावर १२० रुपयांना मिळतं. त्यात झेंडू असतो, आंब्याची पानं असतात, मधूनच शेवंतीही डोकावते. पण विकतचं तोरण दाराला लावणं म्हणजे दिवाळीत विकतच्या चकल्या पुढे करण्यासारखं आहे. पाहुणे बोलत नाहीत, पण त्यांना कळतं. म्हणून आमच्याकडे काटकसर होते.

काटकसरीची सुरुवात दादरच्या फुलबाजारात जाऊन करायची असते. तिथे भाव खरोखरच कमी असतो. पण अर्धा किलो झेंडू मागितल्यावर फुलवाला ज्या नजरेनं बघतो, ती झेलण्यापेक्षा माणूस दोन किलो घेऊन मोकळा होतो. त्यातही भिजलेला माल स्वस्त लावलेला असतो. तो घेऊ नये. पाणी पाकळ्यांच्या बुडाशी साचतं, फूल वरून टवटवीत आणि आतून काळं पडत जातं. शिवाय वजनात पावसाचेही पैसे आपणच मोजतो.

आता दोन किलो झेंडू एका दाराला काय करायचा? मग स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळ्यांना माळा. गेल्या दसऱ्याला वाय-फायच्या डब्यालाही एक घातली. त्या दिवशी तो एकदाही बंद पडला नाही, ही गोष्ट आमच्या घरातल्या नास्तिकालाही मान्य आहे.

खरा घोळ पानांचा. जी गोष्ट फुकट म्हणून आपण हिशोबातच धरत नाही, तिचीच पाच-सहा पानांची डहाळी २० रुपये! आमच्या सोसायटीत आंबा आहे आणि त्याच्या बुंध्याला ‘पाने तोडू नयेत’ अशी पाटीही आहे. दसऱ्याच्या सकाळी सेक्रेटरींच्या दारावर जी हिरवीगार पानं असतात ती कुठल्या झाडाची, हे विचारायची माझी छाती नाही.

ओवणं सासूबाईंच्या देखरेखीखाली. दाभण फुलाच्या हिरव्या बुडातून आरपार जायला हवं, नुसत्या पाकळ्यांतून घातलं तर फूल रात्रीतच गळतं. पान देठाशी दुमडून टोचायचं, नाहीतर फाटतं. सुतळी दुहेरी घ्यायची आणि दाराच्या रुंदीपेक्षा वीतभर जास्त. ही वीत जरा सढळ झाली की तोरण मधोमध झुकतं आणि उंच पाहुण्यांचं स्वागत थेट कपाळावर होतं. सासूबाई कोकणातल्या, त्यामुळे भाताच्या लोंब्या आणि कुरडूची फुलंही हवीत. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी नव्याची पौर्णिमा येते, तेव्हा तिकडे दाराला ‘नवं’ बांधतात. “आताच घाल गो लोंब्या, दोन सण एका खिळ्यावर होतील,” हे त्यांचं म्हणणं. सगळ्या प्रकरणातली खरी बचत म्हणाल तर एवढीच.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला, घरातल्या गेलेल्या माणसांना वाट सापडावी म्हणून त्याच्या पाकळ्या पसरतात. आपण दारावर टांगतो आणि वर्गणीवाल्यांना घर सापडतं.

शेवटी ह्यांनी बेरीज मांडली. फुलं, डहाळ्या, लोंब्या, सुतळी, नवं दाभण (जुनं कुठल्याशा गोणपाटात अडकून गेलं) आणि पिशवी जड म्हणून परतीची टॅक्सी. त्या पैशांत तयार तोरणं सगळ्या मजल्याला लागली असती. मी तो कागद दुमडून मिक्सरच्या माळेखाली ठेवला, आणि पाहुण्यांना “घरीच केलंय हं” असं त्यांनी विचारायच्या आत सांगितलं.

पण वाळलेलं तोरण उतरवाल तेव्हा कचऱ्यात टाकू नका. फूल चुरगाळलं की आत काळ्या काड्यांसारखं बी निघतं. ते कागदात बांधून ठेवा आणि जुलैमध्ये कुंडीत पेरा. दोन-अडीच महिन्यांत फुलं धरतात. पुढच्या वर्षी पाव किलो तरी कमी घ्यावा लागेल. आंब्याच्या पानांचं मात्र तुमचं तुम्ही बघा.